रुमालाखालच्या काचा

शिरूर, १९ जानेवारी २००३

फिरोज,

तुझ्या ठेकेदाराच्या ऑफिसात मी पीसीओवरून इतक्यांदा फोन केला आहे की तिथला माणूस आता माझा आवाज ऐकला की नाव न विचारताच सांगतो, "फिरोज यार्डात गेलाय, ताई." दौंडचं रेल्वेचं यार्ड मोठं आहे हे मला माहीत आहे. पण माणूस आत गेला की परत बाहेरच येत नाही, एवढंही मोठं नसावं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्र तरी तुझ्या खोलीच्या दाराखालून आत येऊन पडेल, आणि ते उचलायला तुला वाकावं लागेल.

अम्मीला मी सांगते, तो बरा आहे. ती विचारते, तुला कुठून कळलं? मी म्हणते, बरा नसता तर ठेकेदाराने कळवलं असतं. यावर ती विळी पुढे ओढते. तिला पटलेलं नसतं, मलाही पटलेलं नसतं, पण भाजी चिरायची असते.

तू जाताना काय म्हणालास ते तुला आठवतं का? या घरात ते सगळ्यांना पाठ आहे. आपल्या वेल्डिंगच्या दुकानात उसाच्या ट्रॉल्यांचं काम होतं. दिवसभर उघड्या डोळ्यांनी टाके मारून सकाळी तुझे डोळे उघडेनात. अम्मी त्यांच्यावर बटाट्याच्या चकत्या ठेवत होती आणि अब्बा समोर बसून चहा पीत म्हणाले, "आमच्या डोळ्यात काय रेशीम भरलं व्हतं? पाबळला जाऊन वेल्डिंग शिकला आन् बापाला शिकवाया लागला." तू चकत्या काढून भिरकावल्यास. म्हणालास, "अब्बा ज्या दिवशी काच लावून टाका मारतील, त्या दिवशी मी या घरात येईन." आणि अब्बा, तुझेच वडील ते, म्हणाले, "मग नगं येऊस."

झालं. ऊसतोड संपली, पुन्हा सुरू झाली, आणि तुम्ही दोघं आपापल्या वाक्यावर बसून आहात. मधे मी आणि अम्मी.

मी तुझ्या बाजूची आहे, हे तुला ठाऊक आहे. पण अब्बांचंही अगदीच खोटं नाही. परवा मी पुन्हा विषय काढला तर म्हणाले, "एका हातात रॉडचा होल्डर, दुसऱ्या हातात लोखंडाची पट्टी. काच कुठल्या हातात धरू? आन् धरली तरी ठिणगी पडूस्तवर म्होरं निस्ता काळोख. टाका कुठं मारायचा त्येच दिसत न्हाई." म्हणून डोळे मिटायचे आणि अंदाजाने मारायचा. सगळे असंच करतात. पापणीला काय वाटतं ते कुणी विचारत नाही.

तर ऐक. अशी एक काच असते की ती एरवी स्वच्छ असते, पलीकडचं दिसतं, आणि ठिणगी पडली की पापणी लवायच्या आत आपोआप काळी होते. डोक्याला बांधायची, दोन्ही हात मोकळे. बाहेरदेशी मिळते. इथे मिळाली तरी अब्बा ती विकतची म्हणून लावणार नाहीत. लेकीने केलेली असेल तर लावतील. मी ती करते आहे. तुझ्या अटीतून तुला आणि अब्बांना दोघांनाही बाहेर काढायचा मला दुसरा रस्ता दिसत नाही.

जेवत जा.

नाझिया आपा


शिरूर, ९ मार्च २००३

फिरोज,

उत्तर नाही. ठीक आहे. मी एकटीही बोलू शकते, एवढं तर तू मला लहानपणापासून ओळखतोस.

एमएस्सी करून मी कुठे चिकटले ते तुला नीट सांगितलंच नाही कधी. पोपटरावांच्या कारखान्यात. पोपटराव म्हणजे राहू गावचे, ज्यांचं गुऱ्हाळ होतं. गूळ सोडून आता ते इथे शिरूरला विजेच्या मीटरवरच्या आकड्यांच्या काचा करतात. दोन काचांच्या मधे द्रवस्फटिकाचा पातळ थर असतो. हे स्फटिक म्हणजे बारीक काड्या समज. त्या सगळ्या एका दिशेला झोपल्या पाहिजेत. वीज दिली की उभ्या राहतात, काढली की पुन्हा झोपतात, त्यावर काचेचं काळं-पांढरं होणं ठरतं. पण त्यांना झोपायची दिशा आधी कुणीतरी दाखवावी लागते. आमच्याकडे ती मखमलीने दाखवतात. मखमलीचा रूळ काचेवरून एकाच बाजूला फिरवायचा. मीटरच्या आकड्यांना ते चालतं. वेल्डिंगच्या काचेला चालत नाही, कारण मखमलीचे चरे पडतात, धागे अडकतात, आणि जिथे चरा तिथून लख्ख उजेड थेट डोळ्यात.

मी वेगळं करते आहे. एक पॉलिमर असतं, पातळ रोगणासारखं. ते काचेवर द्यायचं आणि त्याच्यावर अतिनील दिवा सोडायचा. दिव्यापुढे एक गाळणी असते, तिच्यातून उजेड एकाच दिशेने विंचरल्यासारखा बाहेर पडतो. तो ज्या दिशेने येईल ती दिशा पॉलिमर धरतं, आणि काड्या त्याप्रमाणे झोपतात. हात नाही, कापड नाही, नुसता उजेड. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी खोलीत एकटीच हसले. मला ही गोष्ट मनापासून आवडते, फिरोज. इतकी दमलेली असूनही आवडते.

अडचण एवढीच, की विंचरलेल्या उजेडाआधी दुसरा कुठला कडक उजेड त्याला लागला तर ते वाया. एकदा उजेड खाल्ला की त्याची भूक संपते, मग कितीही समजावा, दिशा धरत नाही. पिवळा उजेड मात्र त्याला लागत नाही, म्हणून माझ्या कामाच्या खोलीत सगळं पिवळं. पिवळे दिवे, खिडकीला पिवळा कागद. काचांची जुळणी करणाऱ्या बायका तिला हळदीची खोली म्हणतात. मी आत शिरले की विचारतात, "नवरी, नवरदेव कवा येनार?" तिशी ओलांडलेल्या मुलीला हे ऐकायची सवय असते.

पोपटरावांना या कामात रस नाही. ते म्हणतात, "ह्या तुमच्या पॉलिमरचं लई सोवळं हाय, म्याडम. आमची मखमल बरी. कुनी बी शिवलं तरी रागवत न्हाई." बाहेरून आणवलेली एक बाटली आहे, ती संपली की पुन्हा मागवणार नाहीत, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं आहे. तोवर कारखान्याचं काम उरकून माझं मी काय करायचं ते करावं. माणूस वाईट नाही.

घरी सगळं नेहमीसारखं. अब्बांचं वय जाणवायला लागलं आहे. काल चहा बशीत ओतताना बशीच्या बाहेर ओतला आणि अम्मीवरच डाफरले, बशी सरकवली म्हणून.

आपा


शिरूर, २८ जून २००३

फिरोज,

तुझं कार्ड मिळालं. एवढ्या महिन्यांत एक ओळ: "अब्बांनी काच लावली का?" पत्ता लिहायला तुला त्याहून जास्त शाई लागली. अम्मीने ते कार्ड मला दोनदा वाचायला लावलं. ते उलटं करून मागेही बघितलं. मी तिला म्हटलं, खुशाल आहे असंही लिहिलं आहे. आता तूही खोटं बोललास असं धरून चाल.

नाही, लावली नाही. पण आता फार दूर नाही. या आठवड्यात मी बाटलीतलं उरलेलं सगळं पॉलिमर काचांवर दिलं. जपून ठेवण्यात अर्थ नव्हता, तेही जुनं होत चाललं होतं. काचा घोडीवर, म्हणजे खाचांच्या स्टँडवर, एकीमागे एक उभ्या लावून ठेवल्या आहेत. आज त्यांच्यावर दिवा सोडला. आता जुळणी, मग स्वराज सर्किट जोडेल. स्वराज म्हणजे आमच्याकडचा मीटरवाला पोरगा. चांगला आहे, फक्त बोलतो फार.

एकच वैताग होता. त्या खोलीच्या खिडकीची चौकट खिळखिळी झाली होती, आणि यंदा पाऊस येईना, नुसतं वारं. पिवळ्या कागदाच्या फटीतून धूळ आत. जेवताना मी याच्यावर एवढी कटकट केली की अब्बा म्हणाले, "खिडकीचं रडगानं बंद कर आन् भाकरी खा." काल दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतर खोलीत गेले तर चौकट घट्ट. हलवली तरी हलेना. म्हटलं, पोपटरावांना पाझर फुटला शेवटी.

अब्बांचं काल डोळ्यांचं दुखणं पुन्हा निघालं. जुम्म्याच्या नमाजाला गेले, संध्याकाळी बटाट्याच्या चकत्या ठेवून पडून होते. आपल्या घरी बटाटा भाजीपेक्षा डोळ्यांवरच जास्त जातो. मी विचारलं, फार दुखतंय का? म्हणाले, "रोजचंच हाय." तू असतास तर भांडला असतास. मी नुसत्या चकत्या बदलल्या.

गिऱ्हाईकांना ते हल्ली आवाजावरून नावाने हाक मारतात आणि कधी कधी चुकतात. सोपानरावांना परवा हरिबा म्हणाले. सोपानराव हसले.

आपा


शिरूर, १७ ऑगस्ट २००३

फिरोज,

हे पत्र मी रागाने लिहायला बसले होते. बसल्यावर राग राहिला नाही, म्हणून थोडी थांबले, पाणी प्याले, आणि आता पुन्हा लिहिते आहे.

काचा बिघडल्या. सगळ्या नाहीत. आणि नेमकं हेच मला कळेना. जोडून झाल्यावर उजेडापुढे धरल्या तर काही अगदी मला हव्या तशा, गुळगुळीत, एकसारख्या. काहींमध्ये नुसता गोंधळ. काड्या सैरावैरा, काच काळी होताना मधूनमधून पांढरे डाग. पॉलिमर तेच, दिवा तोच, दिवसही तोच. मी आधी पॉलिमरला शिव्या दिल्या, मग दिव्याला, मग स्वतःला. पोपटराव येऊन बघून गेले आणि "मखमल" एवढा एकच शब्द बोलले.

मग मी काचा घोडीवर ज्या क्रमाने होत्या तशा पुन्हा लावून बघितल्या. आतल्या बाजूच्या चांगल्या. खिडकीकडच्या खराब. आणि मधली एक काच अर्धी अशी अर्धी तशी. वरचा भाग चांगला, खालचा बिघडलेला, आणि दोन्हींच्या मधली रेघ सरळ नाही. तिला गोंडे होते. बारीक बारीक, गाठ मारलेले, एका रांगेत लोंबणारे गोंडे. त्या काचेवर कुणीतरी कापड टाकलं होतं, कापडाखाली पॉलिमर वाचलं होतं, आणि बाहेरचं कुठल्यातरी भयंकर उजेडाने जाळलं होतं.

ते गोंडे मी ओळखते. तूही ओळखतोस. नाक पुसलं म्हणून अब्बांच्या खांद्यावरच्या त्याच रुमालाचा फटका आपण दोघांनी खाल्ला आहे.

मी उठून खिडकीपाशी गेले. कुणी घट्ट केली ते इतके दिवस बघितलंच नव्हतं. चौकटीला वेल्डिंगचे टाके होते. अब्बांचे टाके कसे असतात, एका मापाचे, कडुलिंबाच्या निंबोळ्या ओळीत ठेवाव्यात तसे. हे तसे नव्हते. काही चौकटीवर, काही बाजूच्या गजावर, काही कशावरच नाही, नुसते थेंब गळून भिंतीला चिकटलेले. आणि खिडकी घट्ट झाली तो जुम्म्याचा दिवस. आपलं दुकान त्या दिवशी बंद होतं, तरी संध्याकाळी डोळ्यांवर बटाटा होता.

वेल्डिंगच्या ठिणगीत माझ्या दिव्यापेक्षा कितीतरी जास्त अतिनील असतो. ज्या उजेडापासून डोळे वाचवायला मी काच करते आहे, तोच उजेड अब्बांनी हळदीच्या खोलीत आणून पेटवला.

घरी येऊन मी दारातच विचारलं. लपवायचं त्यांच्या मनातही नव्हतं. म्हणाले, "व्हय, मीच. नमाजावरनं येताना मशीन घिऊन गेलो. पोपटराव व्हय म्हनले. तूच म्हनत व्हतीस ना, धूळ येती म्हनून? तुला म्हाईत न पडता करायचं व्हतं. तुमी समदी जेवाया गेला तवा मारले टाके."

मी म्हटलं, "अब्बा, माझ्या काचा होत्या तिथे."

"दिसल्या की. म्हनून तर रुमाल टाकला वरनं. म्हटलं ठिनगी उडंल, पोरीच्या काचंला इजा व्हईल. जेवढ्यावर पुरला तेवढ्यावर टाकला."

"आणि तुमच्या डोळ्यांवर काय टाकलंत?"

ते माझ्याकडे बघत होते. म्हणजे मी जिथे आहे असं त्यांना वाटत होतं तिकडे बघत होते. म्हणाले, "डोळ्यावर काय टाकनार? रुमाल येकच व्हता, बेटा."

मला त्यांच्यावर ओरडायचं होतं. मी आत गेले आणि अम्मीच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. अम्मीला वाटलं काचांसाठी रडते आहे. म्हणाली, पुन्हा कर. तिला कसं सांगू, की पुन्हा करायला पॉलिमर नाही. रुमालाखाली वाचल्या तेवढ्याच काचा आहेत. त्यातून एक जरी धड निघाली तरी ती अब्बांना लावीन.

तू ये किंवा येऊ नको. पण हे तुला कळायला हवं होतं.

आपा


शिरूर, ३० नोव्हेंबर २००३

फिरोज,

ईद झाली. तू आला नाहीस हे मी तुलाच कळवण्यात अर्थ नाही.

काच निघाली. रुमालाखालच्यांपैकी एक. स्वराजने सर्किट बसवलं, पुढे एक हिरवट जाड काच लागते ती लावली, डोक्याचा पट्टा अम्मीने शिवला. मी दुकानात स्वतः लावून ठिणगी पाडून बघितली. फिरोज, काय सांगू तुला. समोर पट्टी दिसते आहे, रॉडचं टोक दिसतं आहे, आणि खट् ठिणगी पडली की सगळं गडद हिरवं, मधे एक शांत ठिपका, बस. एकही डाग नाही. डोळ्यांना काहीसुद्धा झालं नाही. मी इतकी खूश झाले की तुझ्या ठेकेदाराकडे फोन करायला धावले. तू यार्डात होतास.

त्या संध्याकाळी अब्बांना लावली. नाही म्हणाले नाहीत. मला वाटलं होतं दोन दिवस नाक मुरडतील, कपबशी आपटतील. काहीच नाही. मुकाट्याने डोकं पुढे केलं, अम्मीने पट्टा आवळला. मी पट्टी चिमट्यात धरून समोर ठेवली. त्यांनी होल्डर उचलला आणि थांबले. मग म्हणाले, "पट्टी कुठाय?"

समोरच होती.

"काच काळी झाली का आत्ताच?"

मी म्हटलं, नाही अब्बा, अजून स्वच्छ आहे. ते हसले. म्हणाले, "मला तर आदीपसनंच काळी दिसती." तरी हात पुढे नेला, टाका मारला. तो टेबलावर पडला. दुसरा माझ्या चिमट्याला लागला. मग त्यांनी काच कपाळावर सरकवली आणि उघड्या डोळ्यांनी तिसरा मारला. तोही टेबलावर पडला. अम्मी दारात उभी होती. ती आत गेली आणि तिने गॅस पेटवल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना पुण्याला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई चांगली होती, मला बाजूला घेऊन न बोलता त्यांच्यासमोरच बोलली. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग जळाला आहे. कडेकडेचं दिसतं, समोरचं दिसत नाही. मोतीबिंदू असता तर काढला असता. हे काढायचं काही नाही. ऑपरेशन नाही, चष्मा नाही. येताना एसटीत ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. रांजणगाव आलं तेव्हा म्हणाले, "फिरोज बरूबर बोलत व्हता." गाडीत इतका आवाज होता की मी ऐकलं नाही असं दाखवणं सोपं होतं. मी तसं दाखवलं नाही. मी म्हटलं, हो.

तर तुझ्या अटीचं असं झालं. अब्बा काच लावून टाके मारणार नाहीत. ते आता टाकेच मारणार नाहीत. तुझं बरोबर होतं, आणि त्याचा कुणालाच काही उपयोग झाला नाही. मी फार दमले आहे रे. तुम्हा दोघांच्या मधे एवढ्या महिन्यांत एक काच उभी करायला मी धडपडले, आणि ती तयार झाली तेव्हा तिच्या पलीकडून बघणारं कुणी राहिलं नाही. ती काच आता टेबलावर पडून आहे. तुझ्या डोक्याला बसेल. उद्या दौंडला एसटीने कुणी जाणारं मिळालं तर पाठवीन. तू घरी आला नाहीस तरी ती लाव. एवढं एक माझ्यासाठी कर.

आता पुढचा मजकूर माझा नाही. आज सकाळी मी पत्र लिहायला बसले तर अब्बा शेजारी येऊन बसले. म्हणाले, "मी सांगतो तसं लिही. मधी तुझं काय घालू नगंस." मी वर काय लिहिलं आहे ते त्यांना माहीत नाही. त्यांना वाचता येणार नाही, हे पहिल्यांदाच माझ्या सोयीचं झालं. त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं देते:

"फिरोज, तुझ्या आपानं केलेली काच मी लावली. लावून टाका मारला. लई झ्याक दिसतंय. टाका जिथल्या तिथं बसतो. मी आता रोज काच लावूनच काम करतो, डोळं गार हायेत. तू म्हनला व्हतास तसं झालं. तू जिकलास. आता ये. ट्रॉल्यांची कामं पडल्यात आन् मला येकट्याला उरकत न्हाईत. तुझा अब्बा, बाबुलाल."

खालची सही त्यांनी स्वतः केली आहे. पेन मी टेकवून दिलं होतं, पण ती कागदावरून घसरून चटईवर गेली. जेवढी कागदावर आहे तेवढी वाच.